घरच्या वर्कशॉपमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे छोटे पार्ट: बर्र काढणं आणि फिनिशिंग (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गॅलरीत, जिन्याखाली किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात एक टेबल, एक व्हाइस, एक हँड ड्रिल. त्यावर कॅमेऱ्याची ब्रॅकेट, ड्रोनचे स्पेसर, दुर्बिणीचे क्लॅम्प, सर्किटच्या डब्याची झाकणं असं काहीबाही बनवणाऱ्यांसाठी हे पान आहे. लेथ-मिलिंग असेल तर चांगलंच, पण नसलं तरी इथलं बहुतेक सगळं हाताने जमतं.

बर्र काढायलाच हवी का? बोटाला टोचते, एवढंच ना?

कापलेल्या किंवा भोक पाडलेल्या कडेला धातूची जी बारीक, धारदार पापडी लटकून राहते ती बर्र. बोट कापतं हा त्रास त्यातल्या त्यात किरकोळ. खालच्या बाजूला एक दशांश मिमी बर्र राहिली तरी पट्टी सपाट बसत नाही, डुगडुगते, आणि स्क्रू आवळला की वाकते. मग माणूस भोकांच्या मापात चूक शोधत बसतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या डब्यात ही पापडी तुटून बोर्डावर पडली तर दोन ट्रॅक जोडून मोकळी होते. पेंट आणि पावडर कोटिंग धारदार कडेवर पातळ बसतं आणि तिथूनच आधी सोलतं. म्हणून कारखान्यातल्या ड्रॉइंगवर ‘सर्व धारदार कडा मोडा’ अशी टीप असतेच, आणि कडा किती मोडायची हे दाखवायला आयएसओ १३७१५ नावाचं वेगळं मानक आहे.

बर्र कमीच यावी म्हणून काय करता येईल?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो, पण फिनिशिंगचा अर्धा वेळ इथेच वाचतो.

ड्रिल आत शिरतं त्या बाजूला बर्र थोडी येते, बाहेर पडतं त्या बाजूला जास्त. कारण शेवटचा पातळ थर कापला जाण्याऐवजी ढकलला जातो आणि भोकाभोवती उलटा वळतो. त्या थराला मागून आधार दिला की तो वळत नाही, कापला जातो. म्हणून पार्टखाली सपाट लाकूड किंवा एमडीएफचा तुकडा घट्ट दाबून बसवा. दरवेळी तुकड्याची ताजी जागा वापरा. जुन्या भोकावर नवं भोक आलं की आधार गेलाच.

ड्रिल धारदार हवं. लोखंडावर बोथट झालेलं ड्रिल अ‍ॅल्युमिनियममध्ये ‘चालून जातं’ खरं, पण ते कापत नाही, रेटतं. आरपार निघायच्या शेवटच्या मिलिमीटरला हाताचा जोर कमी करा. हँड ड्रिल वापरणारे नेमका तिथेच जोर वाढवतात.

तिसरी गोष्ट तेलाची. अ‍ॅल्युमिनियम कोरडं कापलं की हत्याराच्या धारेवरच चिकटून बसतं. मग धार कापत नाही, चिकटलेला गोळा खरवडतो. भोक खरखरीत होतं आणि बर्र दुप्पट येते. रॉकेलचे दोन थेंब यावर जुना आणि पक्का उपाय. रॉकेल मिळत नसेल तर डब्ल्यूडी-४० चालतं. ड्रिल मध्येमध्ये बाहेर काढून धार बघा, पांढरट चिकटा दिसला तर तांब्या-पितळेच्या ब्रशने झाडा.

हॅकसॉला पातळ पत्र्यासाठी इंचाला २४ दातांचं पातं लावा, जाड तुकड्याला १८. पत्रा दोन प्लायच्या मध्ये दाबून प्लायसकट कापला तर बर्र जवळजवळ येतच नाही.

कोणतं अ‍ॅल्युमिनियम घ्यावं? खिडक्यांच्या सेक्शनचे तुकडे चालतील का?

चालतील, पण ते मऊ असतात. स्लायडिंग खिडक्यांचे सेक्शन बहुधा ६०६३ या मिश्रधातूचे. दुकानदार त्याला एचई-९ म्हणतो. ते पॉलिश आणि अ‍ॅनोडाइझ (आम्लात वीज सोडून पृष्ठावर ऑक्साइडचा थर चढवणं) सुंदर होतं, पण कापताना चिकट. बर्र लांब आणि लवचीक येते, तुटत नाही, नुसती इकडून तिकडे वळते. ६०६१ किंवा ६०८२ (बाजारात एचई-२०, एचई-३०) टी-६ टेम्परमध्ये (म्हणजे उष्णता देऊन कडक केलेलं) घेतलं तर ते कडक असतं, स्वच्छ कापतं, बर्र ठिसूळ येते आणि चटकन निघते. तुकडा घेताना कडक आहे का एवढं तरी विचारा. कळत नसेल तर कोपऱ्यावर कानस फिरवून बघा. मऊ माल कानशीला धरून ठेवतो, कडक माल भुसा सोडतो.

भंगारातले ओतीव तुकडे, म्हणजे स्कूटरचे केसिंग, पंख्याचे भाग वगैरे, शिकायला घेऊ नका. त्यात सिलिकॉन भरपूर असतो (एलएम-६ या ओतीव मिश्रधातूत १० ते १३ टक्के), आत बारीक छिद्रं असतात, आणि कितीही पॉलिश केलं तरी करडी झाक जात नाही.

सुरुवातीला किमान काय काय हत्यारं लागतील?

एक ८ किंवा १० इंची सपाट सेकंड-कट (मध्यम दातांची) कानस, एक ६ इंची स्मूथ (बारीक दातांची), नीडल कानशींचा एक संच, एक ९० अंशाचा काउंटरसिंक (भोकाचं तोंड शंकूसारखं कापणारं हत्यार), फिरत्या पात्याचं डिबरिंग टूल (बर्र काढायचं), वॉटर पेपर (ओला वापरायचा पॉलिश पेपर), आणि कानस साफ करायचा तारेचा ब्रश. बस्स. कानशींसाठी फार शोधाशोध नको. रत्नागिरी-चिपळूणला कानशी बनतात आणि त्या कुठल्याही बऱ्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, इथे सगळं एका फेरीत होतं. जुन्या बाजारातून कानस मात्र घेऊ नका. तिथे व्हाइस घ्या, ऐरण घ्या. वापरलेली कानस लोखंडावर चाललेली असते. तिच्या दातांत अडकलेले लोखंडी कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि पावसाळ्यात पार्टवर तांबूस ठिपके उठतात.

याच कारणाने अ‍ॅल्युमिनियमची कानस आणि तारेचा ब्रश वेगळा ठेवा. कानशीच्या मुठीला निळा रंग लावला की घरातलं दुसरं कोणी गेट घासायला उचलत नाही.

कानस दोन मिनिटांत भरते आणि मग पार्टवर खोल चरे पडतात. उपाय?

दातांत अडकलेला अ‍ॅल्युमिनियमचा दाणा हाच तो चरा पाडणारा. कानशीवर शाळेचा पांढरा खडू आडवातिडवा घासा, सगळे दात पांढरे होईपर्यंत. खडूची पूड दातांच्या तळाशी बसते, दाण्याला पकड मिळत नाही, आणि ब्रश मारला की खडूसकट निघून येतो. दर पंधरावीस घावांनी ब्रश, मग पुन्हा खडू. ब्रशने न निघालेला दाणा पितळी पट्टीच्या टोकाने दातांच्या दिशेने ढकलून काढा, स्टीलच्या सुईने नको.

एकेरी दातांची कानस दुहेरीपेक्षा कमी भरते. वक्र दातांची खास कानस मिळते, मोटारीच्या बॉडीवाल्यांकडे दिसते. मोठ्या सपाटीला उत्तम, पण छोट्या पार्टला गरज नाही. आणि मुख्य म्हणजे जोर कमी. कानस भरते ती बहुतेकदा दाबामुळे.

कडा नेमकी कशी घासायची? एका बाजूची बर्र काढली की दुसऱ्या बाजूला येते.

येणारच. सपाट पृष्ठावर कानस फिरवली की बर्र कापली जात नाही, कडेवरून पलीकडे ढकलली जाते. मग ती बाजू घासली की परत इकडे. हे चक्र मोडायचं तर एक ठोस उदाहरण घेऊ: ६ मिमी जाडीच्या पट्टीतून कापलेला ३० बाय २० चा तुकडा, चार कोपऱ्यांत ४ मिमीची भोकं.

आधी कापलेल्या चारही बाजू सेकंड-कटने सरळ करून घ्या. या वेळी बर्रकडे लक्ष देऊ नका, माप आणि काटकोन बघा. मग तुकडा व्हाइसमध्ये असा धरा की एक लांब कडा वर येईल. स्मूथ कानस ४५ अंशांत टेकवा आणि कडेच्या लांबीने, थोडी तिरकी सरकवत, पुढे न्या. आडवी नको. आडव्या घावाने कडेला सूक्ष्म खाचा पडतात आणि प्रत्येक खाचेला स्वतःची छोटी बर्र असते. दाब एवढाच की कानशीचं वजन आणि वर थोडासा हात. दोन-तीन घावांत कडेवर एक चकचकीत रेघ उमटते. ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारख्या रुंदीची झाली की थांबा.

आता त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना नवीन, अगदी बारीक बर्र असेल, डोळ्याला न दिसणारी. तिच्यासाठी ४०० चा वॉटर पेपर छोट्या लाकडी ठोकळ्याला गुंडाळून पृष्ठावर एक हलका हात, रेघेवर एक, दुसऱ्या पृष्ठावर एक. प्रत्येक वेळी दाब आधीपेक्षा कमी. हे दाब कमी करत जाणं म्हणजेच सगळं कसब; मोठी बर्र मोठ्या हाताने जाते, पण शेवटची बर्र हात हलका केल्याशिवाय जात नाही.

कोपरे सगळ्यात शेवटी. तीन कडा मिळतात तो बिंदू खिशात टोचतो आणि तोच हमखास विसरला जातो.

भोकांची बर्र मोठं ड्रिल हाताने फिरवून काढतो. बरोबर आहे का?

काम भागतं. पण ड्रिलचा कोन ११८ अंशांचा असतो आणि दोन धारांमुळे भोक बहुकोनी होतं, कडेला लाटा येतात. त्यापेक्षा काउंटरसिंकला मूठ लावून हाताने दोन-तीन वेढे द्या. तिरकं आरपार भोक असलेला, एकाच धारेचा काउंटरसिंक मिळाला तर तोच घ्या. तो थरथरत नाही. मशीनवर लावायचा तर सगळ्यात कमी वेग ठेवा.

मेट्रिक काउंटरसंक स्क्रूचं डोकं ९० अंशांचं असतं, अमेरिकन इंची स्क्रूचं ८२. दोन्ही काउंटरसिंक बाजारात शेजारी-शेजारी ठेवलेले असतात, सांगून घ्या.

दोन भोकं आत एकमेकांना छेदत असतील तर आतल्या छेदावर बर्र राहते. तिथे फिरत्या पात्याचं टूल जातं, नाहीतर बांबूच्या काडीला चीर पाडून तिच्यात ४०० च्या पेपरची पट्टी अडकवून फिरवा. शेवटी ज्या मापाचं भोक त्याच मापाचं ड्रिल हाताने एकदा आरपार घाला.

आटे पाडलेल्या भोकाचं काय?

क्रम असा: भोक, काउंटरसिंक, टॅप (आटे पाडायचं हत्यार), पुन्हा काउंटरसिंकचा अगदी हलका एक वेढा, आणि मग टॅप पुन्हा एकदा हाताने आत-बाहेर. काउंटरसिंक आट्याच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित मोठा हवा, म्हणजे एम-४ ला (४ मिमीच्या मेट्रिक आट्याला) साधारण ४.३ ते ४.५ मिमी. आधी काउंटरसिंक केला नाही तर टॅप पहिला आटा वर उचलतो आणि पार्टला भोकाभोवती फुगवटा येतो. टॅपसाठी ड्रिलची मापं: एम-३ ला २.५, एम-४ ला ३.३, एम-५ ला ४.२ मिमी. टॅपला इथेही रॉकेल.

फिरत्या पात्याचं डिबरिंग टूल कडेला खडबड करतं. टूल खराब आहे?

बहुधा पातं चुकीचं आहे किंवा कोन. एस-१० प्रकारचं पातं स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी, एस-२० पितळ आणि बिडासाठी. स्वस्त संचांत दोन्ही मिसळून येतात आणि दिसायला सारखी असतात. पातं बरोबर असेल तर टूल थोडं कलतं करा आणि ओढा, ढकलू नका. एका ओढीत लांबलचक केसासारखी तार निघाली की कोन जमला. तीच कडा परत परत ओढू नका. दुसऱ्या ओढीला पातं पहिल्या लाटांवर नाचतं.

कडा किती मोडावी?

छोट्या पार्टला ०.२ ते ०.५ मिमी. त्याहून जास्त म्हणजे चॅम्फर, आणि तो मग दिसण्यासाठी मुद्दाम करायचा. दोन पार्ट जिथे एकमेकांना टेकतात त्या आतल्या कडा कमीत कमी मोडा, नाहीतर सांध्यावर काळी रेघ दिसते.

बर्र गेली हे कसं ओळखायचं? बोट फिरवून?

बोट नको. कापसाचा छोटा बोळा कडेवरून ओढा. तंतू अडकले तिथे बर्र आहे. नख कडेकडे नेऊन बघा, बाहेरून आत आणि आतून बाहेर, दोन्हीकडून. एकाच दिशेने अडकलं तर बर्र वळलेली आहे. आणि पार्ट खिडकीसमोर तिरका धरून फिरवा. मोडलेली कडा अखंड रेघेसारखी चमकते, बर्र असेल तिथे ती रेघ तुटते.

पार्ट इतका छोटा आहे की व्हाइसमध्ये धरला की चेपतो. कसा धरू?

व्हाइसच्या जबड्यांवर अ‍ॅल्युमिनियम अँगलचे दोन तुकडे बसवा, किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी. गोल पार्टसाठी लाकडात त्याच मापाचं भोक पाडून ते मधून चिरा. चिरेवर व्हाइस आवळला की पार्ट चारही बाजूंनी धरला जातो. पातळ पट्ट्यांना सपाट लाकडावर दुहेरी टेप. निघताना त्रास दिला तर थिनरचे दोन थेंब कडेने सोडा.

नाण्याएवढा पार्ट सपाट करायचा असेल तर उलटं करा: पेपर स्थिर, पार्ट फिरता. ६-८ मिमी जाड काचेवर वॉटर पेपर पाण्याने चिकटवा आणि पार्ट त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवा. दर काही फेऱ्यांनी पार्ट चतकोर वळवा, कारण हाताचा दाब कधीच एकसारखा नसतो.

वॉटर पेपर कोणत्या नंबरपासून सुरू करावा?

ज्या नंबरने कानशीचे चरे थोड्या वेळात जातात त्यापासून. स्मूथ कानस मारली असेल तर २२० किंवा ३२०. मग ४००, ६००. आरसा हवा असेल तर पुढे ८००, १०००, १५००, २०००. एखादी पायरी गाळली की तो वेळ पुढच्या पायरीत व्याजासकट जातो.

प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा ९० अंशांनी बदला. ४०० उभा मारला तर ६०० आडवा. आडव्या रेघांत एकही उभी रेघ दिसत असेल तर ६०० चं काम संपलेलं नाही. याहून भरवशाची खूण नाही. ‘पाच मिनिटं घासा’ असले हिशोब निरर्थक आहेत.

पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, पेपर भरत नाही. नंबर बदलताना पार्ट, हात आणि टेबल धुवा. ३२० चा एक सुटा कण १००० च्या पेपरखाली आला की परत ३२० पासून. आणि एक कटकट अशी की सगळ्या पेपरांचे नंबर एका मापाचे नसतात. मागे ‘पी’ छापलेला ८०० हा अमेरिकन मापातल्या ४०० च्या जवळपास असतो. शक्यतो सगळे पेपर एकाच कंपनीचे घ्या.

पेपर बोटाने दाबू नका. मागे ठोकळा किंवा खोडरबर हवा. बोटाने सपाटीला खळगे पडतात आणि ते पॉलिश झाल्यावरच दिसतात.

आरशासारखी चमक की मॅट?

मॅट. चमक तीन दिवस छान दिसते, नंतर बोटांचे ठसे आणि केसासारखे चरे दिसत राहतात. वापरायच्या वस्तूला सॅटिन फिनिश शोभतं आणि पुन्हा करता येतं: ६०० पर्यंत पेपर, मग भांडी घासायच्या हिरव्या घासणीसारखंच पण मरून रंगाचं स्कॉच-ब्राइट घ्या आणि पार्टच्या लांबीच्या दिशेने, पट्टीच्या आधाराने, सरळ एकाच दिशेत ओढा. मागे-पुढे घासलं की टोकांना हात वळतो तिथे कमानी उमटतात. घाव पार्टच्या बाहेरून सुरू होऊन पार्टच्या बाहेरच संपला पाहिजे.

कडा सॅटिन फिनिशनंतर नव्याने मोडलीत तर तिची चमकती रेघ मॅट पृष्ठाभोवती चौकटीसारखी उठून दिसते. हौशी कामात याच्याइतकं स्वस्तात मस्त दुसरं काही नाही.

तरीही बफिंग करायचंच असेल तर?

बेंच ग्राइंडरला दगडाऐवजी कापडी बफ लावतात तेच. तपकिरी ट्रायपोली सोप (बफला लावायची पॉलिशची वडी) कापण्यासाठी, पांढरा सोप शेवटच्या चकाकीसाठी. हिरवा मुख्यतः स्टेनलेससाठी. प्रत्येक सोपला वेगळा बफ, पुन्हा कधीही अदलाबदल नाही. सोप थोडा लावायचा. पार्टवर काळा चिकट थर साचू लागला तर सोप जास्त झाला.

पार्ट बफच्या मध्यरेषेखाली धरा, कडा नेहमी फिरण्याच्या दिशेने बाहेर पडणारी. वरची कडा बफला सामोरी गेली की पार्ट हातातून हिसकावला जातो आणि तुमच्याकडे किंवा भिंतीकडे भिरकावला जातो. हातमोजे, ओढणी, सैल बाह्या, कडं, बांगड्या, गळ्यातली साखळी यातलं काहीही नको. गॉगल हवाच. अगदी छोटे पार्ट बफवर धरूच नका; ते लाकडी पट्टीवर टेपने चिकटवा किंवा हाताने मेटल पॉलिश आणि जुन्या बनियनच्या तुकड्याने करा. बफिंग पेपरचे चरे घालवत नाही, चकचकीत करून दाखवतं.

बेंच ग्राइंडरच्या दगडावर अ‍ॅल्युमिनियम घासलं तर चालतं का? दोन सेकंदांचं काम आहे.

नाही. मऊ धातू दगडाच्या छिद्रांत भरतो, दगड कापायचं थांबतो, तापतो आणि तडकू शकतो. दुसरं कारण त्याहून वाईट. ग्राइंडरच्या गार्डमध्ये लोखंडाची गंजकी पूड साठलेली असते. तीत अ‍ॅल्युमिनियमची पूड मिसळली की ते थर्माइटचं मिश्रण होतं, ज्याने रेल्वेचे रूळ जोडतात. वरून लोखंडाच्या ठिणग्या पडायला उद्या-परवा ग्राइंडर वापरला जाणारच आहे.

कानशीचा भुसा जाड असतो, त्याची फार चिंता नको. बेल्ट सँडर किंवा अँगल ग्राइंडरच्या फ्लॅप डिस्कने उडणारी कोरडी बारीक पूड मात्र पेट घेणारी आहे. ती घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका, वाऱ्याने उडवू नका. ओल्या फडक्याने रोज टिपा आणि लोखंडाच्या कचऱ्यात मिसळू नका. ओल्या पेपरचा करडा गाळ घट्ट झाकणाच्या बरणीत साठवू नका, त्यातून हळूहळू हायड्रोजन सुटतो. पूड पेटलीच तर पाणी अजिबात नाही. कोरडी वाळू वरून हळुवार पसरा. म्हणून टेबलाखाली कोरड्या वाळूची बादली ठेवा. सिगरेट आणि वेल्डिंग दुसरीकडे. मास्क लावा.

रोटरी टूलच्या बिट भरून जातात.

दगडी बिट अ‍ॅल्युमिनियमला लावूच नका. कार्बाइडच्या बिटमध्येही बारीक दुहेरी दातांची भरते. कमी आणि खोल खाचांची ‘अ‍ॅल्युमिनियम कट’ मागा. बिटवर मेणबत्ती टेकवत राहा, वेग मध्यम.

शंभर सारखे पार्ट आहेत. टम्बलर (पार्ट आणि घासणारे दाणे एकत्र हलवणारं यंत्र) घरी करता येईल?

येईल. व्हायब्रेटरी टम्बलर असेल तर मीडिया, म्हणजे घासणारे दाणे, प्लास्टिकचा घ्या; सिरॅमिक मऊ पार्टला ठोकून दगडासारखा पोत आणतो, तो हवा असेल तर गोष्ट वेगळी. घनफळाने पार्टच्या एका भागाला निदान तीन भाग मीडिया, नाहीतर पार्ट एकमेकांवर आपटून कोपरे ठेचले जातात. पाणी थोडं, सोबत सौम्य भांड्यांचा साबण. कपड्यांची पावडर नको, ती अल्कधर्मी असते आणि पार्ट काळे पडतात. तासाभराने एक पार्ट काढून कापसाने तपासा आणि त्यावरून वेळ ठरवा.

बंद झाकणाच्या गोल ड्रममध्ये ओलं अ‍ॅल्युमिनियम फिरवत असाल तर मध्येमध्ये झाकण उघडून हवा जाऊ द्या. आत वायू साठून झाकण उडू शकतं.

मीडियाचा दाणा भोकापेक्षा निश्चित लहान किंवा निश्चित मोठा हवा. जवळपास मापाचा असेल तर शंभर पार्टच्या भोकांतून दाणे टोचून काढण्यात पुढचा रविवार जाईल. आणि टम्बलर मोठी बर्र काढत नाही. ती आधी हातानेच.

कॉस्टिक सोड्यात बुडवून बर्र विरघळवता येते असं ऐकलंय.

विरघळते, सोबत पार्टही. माप जातं, पृष्ठ काजळीसारखं काळं होतं, ते काढायला नायट्रिक आम्ल लागतं, आणि या सगळ्यात गरम द्रावणातून हायड्रोजन निघत असतो. घरात हे करू नका. ड्रेन क्लीनर आणि टॉयलेट क्लीनरलाही हेच उत्तर.

अ‍ॅनोडाइझिंगला द्यायचे आहेत. त्याने चरे झाकले जातात का?

उलट, जास्त दिसतात, विशेषतः काळ्या रंगात. सल्फ्युरिक आम्लातलं नेहमीचं सजावटी अ‍ॅनोडाइझिंग साधारण ५ ते २५ मायक्रॉन जाड असतं आणि जसा पृष्ठ तसाच ठेवतं. द्यायच्या आधी सगळे पार्ट एकाच नंबरपर्यंत आणा. थराची साधारण दोन तृतीयांश जाडी धातूच्या आत आणि एक तृतीयांश बाहेर वाढते, त्यामुळे घट्ट बसणाऱ्या मापात तेवढी जागा सोडा. सगळे पार्ट एकाच मिश्रधातूचे हवेत. एचई-९ आणि ओतीव तुकडा एका टबात घातला तर दोघांचा रंग वेगळा येतो.

भोसरी, सातपूर, वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतींत जॉबवर्क करणारे असतात. पाच पार्ट घेऊन गेलात तर किमान बिल मोजावं लागेल, म्हणून मित्रांचे पार्ट जमवून जा. पार्टला तार कुठे बांधायची ते तुम्हीच सांगा. तिथे डाग राहणारच, तो आतल्या भोकात राहू द्या.

काहीच कोटिंग न करता ठेवलं तर?

कोरड्या हवेत वर्षानुवर्षं काही होत नाही. ताज्या धातूवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर लगेच बसतो आणि तोच संरक्षण देतो. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत समुद्राजवळ खारी हवा आहे, तिथे चमक जाऊन पांढरे ठिपके येतात. पार्ट साबणाने धुऊन, वाळवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून त्यावर मेण किंवा पारदर्शक लॅकर लावा. स्टेनलेस स्क्रू असतील तर आट्यांना ग्रीस. नाहीतर दोन पावसाळ्यांनंतर स्क्रू निघत नाही.

रंग टिकत नाही, सोलतो.

साधा प्रायमर त्या ऑक्साइडवर धरत नाही. ३२० ने खरखरीत करा, चिकटपणा पूर्ण काढा, एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन पकड घेणारा, मारा, मग रंग. खरखरीत केल्यानंतर त्याच दिवशी प्रायमर, आणि मध्ये उघड्या हाताने स्पर्श नाही.

बोटात अ‍ॅल्युमिनियमचं कुसळ गेलं. चुंबकाने निघेल?

अ‍ॅल्युमिनियमला चुंबक लागत नाही. हात साबणाने धुवा, मोबाइलचा टॉर्च बोटावर आडवा पाडा. धातू चमकतो आणि त्याची दिशा कळते. टोकदार चिमट्याने ज्या दिशेने शिरलं त्याच रेषेत मागे ओढा. बोट दाबून पिळू नका, मऊ कुसळ आत तुटतं. खोल असेल, बोट सुजलं किंवा ठणकत राहिलं तर डॉक्टरांकडे जा आणि धातूचं आहे हे सांगा. डोळ्यात गेलं असेल तर चोळू नका, घरी काढायचा प्रयत्न करू नका, सरळ डोळ्यांच्या दवाखान्यात जा.